मिनेसोटातल्या टाउनशिपमध्ये शेजारपाजार मिळतो का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला मिनेसोटातल्या लहान गावच्या रुग्णालयात नोकरी मिळतेय, गावाबाहेर टाउनशिपमध्ये घर स्वस्तात आहे, तर तिथे माणसं भेटतील की नुसतं शेत बघत बसायचं. आम्हीही त्याच वाटेने आलो. जे-1 व्हिसावर, म्हणजे प्रशिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की दोन वर्षं मायदेशी परतायची अट माफ होऊ शकते, त्यामुळे अशा आडबाजूला आपले डॉक्टर बरेच सापडतात.

आधी एक सांगते. टाउनशिप म्हणजे घरांचा पुंजका नाही, जमिनीचा चौकोन आहे. 1785 च्या जमीनमोजणीच्या कायद्यापासून पश्चिमेकडची जमीन सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजली गेली. प्रत्येकात एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे, 36 तुकडे आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. इथल्या बहुतेक टाउनशिप त्याच चौकोनांवर बसल्यात. त्यामुळे मधोमध ना पार, ना देऊळ, ना बाजारपेठ. शेजारचं घर अर्ध्या मैलावर. विहीर तुमची, सेप्टिक टँक तुमचा, पोलीस म्हणजे काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचा, शेरीफ, आणि दूध संपलं तर गाडी काढायची.

मग एकत्र येतात कशाला? मुख्यतः रस्त्यासाठी. हसू नका. टाउनशिपचं निम्मंअधिक राजकारण खडीच्या रस्त्यांचं असतं. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी टाउन हॉलमध्ये वार्षिक सभा भरते. हॉल म्हणजे पत्र्याची किंवा लाकडी खोली, घडीच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा पर्कोलेटर. जमलेले मतदार आधी आपल्यातूनच सभाध्यक्ष निवडतात आणि मग पुढच्या वर्षी किती कर लावायचा ते स्वतः हात वर करून ठरवतात. इथे लोकांनी कोणाला तरी निवडून दिलं आणि त्याने कर ठरवला, असं होत नाही. टाउनशिपचा कारभार बघायला निवडलेले तीन किंवा पाच सुपरवायझर पुढे बसलेले असतात, पण त्या रात्री रकमेवर शेवटचा शब्द खुर्च्यांवरच्या लोकांचा. आपल्या ग्रामसभेला कोरम जमवताना होणारी दमछाक पाहिलेली असल्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटलं. पण खरं सांगायचं तर इथेही पुष्कळदा मूठभर लोकच येतात, आणि बहुतेक पिकल्या केसांचे. नागरिकत्व नसेल तर मत देता येत नाही, पण मागे बसून ऐकायला कोणी अडवत नाही. जरूर जा. कोणाच्या रस्त्यावर खडी कमी पडली, धूळ बसवायला घरासमोर कॅल्शियम क्लोराइड मारायचं तर पैसे कोणाचे, बर्फ वितळताना मऊ झालेल्या रस्त्यावरून जड ट्रक कोणी नेला, एवढ्यावरून पंचक्रोशीतली सगळी नाती कळतात. कोण कोणाशी बोलत नाही तेही.

आगीचा बंब सहसा जवळच्या गावाचा; टाउनशिप त्यांना वर्षाचे पैसे देते. बंबावरची माणसं स्वयंसेवक: शेतकरी, शाळेतले शिक्षक, गॅरेजवाला. पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळतात. त्यांच्या मदतनिधीचा पॅनकेक नाश्ता चुकवू नका. नवीन माणसाची ओळख व्हायला इतकी सोपी जागा दुसरी नाही. एकादशी-संकष्टी पाळत असाल तर आधी तारीख बघा, ताटात सॉसेज असतंच.

मदतीचं म्हणाल तर न मागता मिळते. हिमवादळानंतर सकाळी कोणीतरी ट्रॅक्टरने आमचा ड्राइव्हवे साफ करून गेलेला असतो आणि धन्यवाद म्हणायला गेलं की तो माणूसच अवघडतो. कोणी वारलं की चर्चच्या तळघरात हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला एकत्र पदार्थ, मांडलेलं असतं. ते करणाऱ्या बायकांची यादी ठरलेली असते. तुम्ही चर्चला जात नसलात तरी एखादा पदार्थ घेऊन गेलात तर आनंदाने ठेवून घेतात. माझा लिंबूभात तिथे ‘पिवळा राइस’ म्हणून रुळला आहे.

पण घरात येणं-जाणं, गप्पांना बसणं, हे विसरा. रस्त्यात समोरून येणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, हवामानावर दहा मिनिटं बोलेल, आणि वर्षानुवर्षं तेवढंच बोलेल. खरी मैत्री बहुधा मुलांच्या शाळेतून होते. शाळाही एका गावाची उरलेली नाही. पोरं कमी झाली तशा शाळा एकत्र झाल्या, म्हणून डिलवर्थ-ग्लिंडन-फेल्टन अशी तीन गावांची नावं एका जर्सीवर दिसतात. मूल लहान असेल तर त्याला 4-एच या मुलांच्या मंडळात घाला. काउंटी फेअरला, म्हणजे काउंटीच्या जत्रेत, ते कोंबडी घेऊन परीक्षकासमोर उभं राहिलं की आईबापांना आपोआप दहा ओळखी होतात.

मूल नसेल आणि तुम्ही स्वतः नोकरी करणार नसाल, तर मी स्पष्टच सांगते, पहिली दोन वर्षं गावात भाड्याने राहा. जानेवारीत दुपारी पावणेपाचला अंधार पडतो, तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर लायब्ररी असणं फार मोलाचं आहे. घर घ्यायचंच असेल तर सही करण्यापूर्वी टाउनशिपच्या क्लार्कला फोन करून दोन गोष्टी विचारा: घरासमोरचा रस्ता टाउनशिपचा की काउंटीचा, आणि बर्फ काढणारा तिथे साधारण किती वाजता पोचतो. नवऱ्याला रात्रीची ड्यूटी असणारच.