लेफ्टनंट म्हणजे ठाणेदार

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये गझाला हाश्मी गव्हर्नरच्या खालोखालच्या पदावर निवडून आल्या. एका पेपरने त्यांना ‘नायब राज्यपाल’ केलं, दुसऱ्याने ‘उपराज्यपाल’, तिसऱ्याने ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ असंच ठेवलं. यातलं बरोबर काय? लेफ्टनंट तर सैन्यात असतो ना? आणि न्यूयॉर्कच्या मेयरला महापौर म्हणावं का?

आधी राज्यपालाचा निकाल लावू, कारण तो शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि त्यांची मर्जी असेतो तो राहतो. अमेरिकेतला गव्हर्नर दारोदार मतं मागून येतो. राज्याचा कारभार तो स्वतः हाकतो आणि विधेयक आवडलं नाही तर उघड नाकारतो. कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश हे चौघेही आधी गव्हर्नर होते, मग अध्यक्ष झाले. आपल्याकडे राज्यपालपद बहुधा राजकारणाच्या शेवटच्या स्टेशनावर लागतं, त्यांच्याकडे गव्हर्नरपदापासून गाडी वेग घेते. तेव्हा बॉबी जिंदल ‘लुइझियानाचे राज्यपाल’ झाले असं लिहिलं की वाचकाला वाटतं, बिचाऱ्याला बाजूला बसवलं! तुलनाच करायची तर ती मुख्यमंत्र्याशी करा, तीही अर्धीच, कारण तिथला गव्हर्नर विधिमंडळाचा सदस्य नसतो. एल्फिन्स्टनला ‘अल्पिष्टन’ करणाऱ्या मराठीने गव्हर्नर मात्र दोनशे वर्षांपूर्वीच सुखाने पचवला आहे. तो तसाच ठेवा.

‘उपराज्यपाल’ तर आपल्या घरातही अडचणीचाच. दिल्लीच्या उपराज्यपालावर राज्यपाल कोण? कोणीच नाही. मग हा उप कोणाचा? गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. १९८७ मध्ये राज्य होईपर्यंत गोवा, दमण आणि दीवला नायब राज्यपालच होते, आणि त्यांच्या डोक्यावरही राज्यपाल नव्हता.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते.

लेफ्टनंट सैन्यात असतो, पण तो सैन्यातला शब्द नव्हे. फ्रेंचमध्ये ‘ल्यू’ म्हणजे जागा आणि ‘तनाँ’ म्हणजे धरणारा. जागा धरून बसणारा तो लेफ्टनंट. राजा नसताना त्याची जागा सांभाळणारा, सेनापती नसताना त्याची. सैन्यात कॅप्टनची जागा सांभाळणारा खाली खाली जात दोन चांदण्यांचा अधिकारी झाला, एवढंच. आपल्याकडे नाही का, अख्ख्या सुभ्याचा धनी असलेला सुभेदार आज पलटणीत सुभेदार आहे, आणि किल्ल्याचा हवाला घेणारा हवालदार पोलीस चौकीत उभा आहे.

लॅटिनमध्ये हेच ‘लोकम टेनेन्स’. डॉक्टर मंडळी हसतील. गावाला गेलेल्या डॉक्टरचा दवाखाना आठवडाभर सांभाळणाऱ्याला आपल्याकडे ‘लोकम’ म्हणतात, ‘सध्या लोकम करतोय’ असं तरुण डॉक्टर सांगतात. तो लोकम आणि व्हर्जिनियाची लेफ्टनंट ही सख्खी भावंडं.

आणि आता मराठीकडे या. ठाणे म्हणजे स्थान, संस्कृत स्थान प्राकृतातून ‘ठाण’ होऊन आलं. ‘ठाण मांडून बसला’ म्हणतो ना आपण, तेच. दार म्हणजे फारसीत धरणारा, बाळगणारा. मुळात आपल्या ‘धर’चा चुलतभाऊ. दोन्ही जोडा. ठाणेदार! ल्यू म्हणजे ठाणे, तनाँ म्हणजे दार. शब्दाला शब्द, सांध्याला सांधा. कोणी भाषांतर केलेलं नाही, दोन मुलखांत दोन कारकुनांना एकच गरज पडली आणि एकच शब्द घडला. मी हे पहिल्यांदा जुळवलं त्या रात्री मला झोप लागली नाही. घरच्यांना सांगितलं तर म्हणाले, दूध तापवून ठेव.

इथेच एक सावधगिरी. ‘लोकस’वरून आपला ‘लोक’ आला, किंवा उलट, असं छातीठोक सांगणारे विद्वान दर सहा महिन्यांनी उगवतात. साफ चूक. संस्कृत ‘लोक’चा लॅटिनमधला नातेवाईक आहे ‘लूकुस’, म्हणजे वनराई, झाडीतली मोकळी, उजेडाची जागा. ‘लोकस’चं जुनं रूप ‘स्त्लोकस’ होतं, हे रोमन वैयाकरणांनीच नोंदवून ठेवलं आहे. त्या ‘स्त्ल’कडे पाहून मला ‘स्थल’ आठवतं. हा माझा लाडका तर्क आहे, आणि तो मान्य न करणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडतो आहे. ते म्हणतात पुरावा आणा. मी म्हणतो, कान आणा.

पण जागा धरायची म्हणजे नेमकं काय करायचं? व्हर्जिनियाचंच घ्या, इतका चोख नमुना दुसरा नाही. ऑर्क्नेचा अर्ल जॉर्ज हॅमिल्टन १७१० पासून १७३७ मध्ये मरेपर्यंत व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता आणि एकदाही तिथे गेला नाही. पगार त्याचा, पद त्याचं, इंग्लंडात मजेत. विल्यम्सबर्गमध्ये बसून कारभार करायला अलेक्झांडर स्पॉट्सवुड, आणि त्याचा हुद्दा लेफ्टनंट गव्हर्नर. पुढे १७५३ मध्ये फ्रेंचांना ‘आमच्या मुलखातून निघा’ अशी चिठ्ठी देऊन एकवीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला रानात पाठवणारा रॉबर्ट डिनविडी हाही लेफ्टनंट गव्हर्नरच. ज्याची जागा, तो साता समुद्रापलीकडे. जो जागेवर, त्याच्या पदाला शेपूट. हाश्मीबाई बसल्या ती खुर्ची ही. आज तिचं मुख्य काम राज्याच्या चाळीस जणांच्या सिनेटचं अध्यक्षपद आणि मतं समसमान पडली तर एक निर्णायक मत. गव्हर्नर आणि लेफ्टनंट तिथे वेगवेगळे निवडले जातात, त्यामुळे दोघं दोन पक्षांचेही असू शकतात. शेजारच्या मेरीलँडमध्ये दोघं एकाच जोडीने मतपत्रिकेवर येतात. तिथल्या अरुणा मिलर याही हैदराबादेत जन्मलेल्या आणि हाश्मीही. हैदराबादने ठाणेदार पुरवायचा मक्ताच घेतला आहे जणू.

टेक्साससारख्या ठिकाणी मात्र हा ‘लेफ्टनंट’ गव्हर्नरला घाम फोडतो, कारण सिनेटच्या समित्या तो नेमतो आणि कुठलं विधेयक पुढे सरकायचं तेही त्याच्या हाती असतं. आणि कॅलिफोर्नियात १९७९ मध्ये काय झालं पाहा. गव्हर्नर जेरी ब्राउन डेमोक्रॅट, लेफ्टनंट माइक कर्ब रिपब्लिकन, मूळचा गाण्यांच्या धंद्यातला. ब्राउन अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी राज्याबाहेर गेले की कर्बसाहेब खुर्चीवर. त्यांनी एका न्यायाधीशाची नेमणूकच करून टाकली. ब्राउन परतले, नेमणूक मागे घेतली, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, गव्हर्नर हद्दीबाहेर असेपर्यंत लेफ्टनंटचा अधिकार खरा. पण परत आल्यावर गव्हर्नरने ती नेमणूक मागे घेतली, हेही खरं. विमान किती वाजता हद्द ओलांडतं यावर सत्ता कोणाची ते ठरायचं! आयडाहोत २०२१ मध्ये पुन्हा तेच. गव्हर्नर बाहेर असताना लेफ्टनंटबाईंनी मास्कसक्तीविरुद्ध हुकूम काढला, गव्हर्नरने परत येऊन तो फाडला.

हे वाचून मला सांगोला आठवलं. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव १७५० मध्ये तिथे बंड करून बसला होता, सदाशिवरावभाऊंना फौज घेऊन जावं लागलं. आणि इथे माझा दुसरा शब्द येतो: मुतालिक. वतनदाराच्या वतीने, त्याच्या शिक्क्याने काम पाहणारा तो मुतालिक. अर्थाच्या दृष्टीने लेफ्टनंटला याहून जवळचा शब्द मराठीत नाही. ठाणेदार हाडामांसाने जुळतो, मुतालिक स्वभावाने. काही जाणकार मुतालिक हा ‘वकील-ए-मुतलक’मधल्या मुतलकाशी जोडतात, म्हणजे सर्वाधिकारी, महादजींनी १७८४ मध्ये पेशव्यांसाठी मिळवलेला तो किताब. मला हे बिलकूल पटत नाही. दुसऱ्याच्या शिक्क्याने सही करणारा सर्वाधिकारी कसा? अरबी ‘मुतअल्लिक’ म्हणजे जोडलेला, लटकलेला, अवलंबून. तालुका आणि इलाखा हेही त्याच धातूचे. मुंबई इलाखा, करवीर तालुका आणि प्रतिनिधींचा मुतालिक एकाच खुंटीला टांगलेले आहेत, हे दिसत असताना मुतलककडे धावायची गरज काय?

आणि ज्याचा तो मुतालिक, तो प्रतिनिधी! राजाराम महाराज जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना मिळालेलं हे पद म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहणारा. म्हणजे प्रतिनिधी हाही मूळचा लेफ्टनंटच. आज वॉशिंग्टनच्या हाउसला आपण प्रतिनिधिगृह म्हणतो, आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून त्यात कोण बसले आहेत? श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले. त्याआधी ते मिशिगनच्या विधिमंडळात होते, आणि २०१८ मध्ये त्यांनी थेट गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटांची प्राथमिक निवडणूक लढवली होती. तिसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. म्हणजे आडनावाने लेफ्टनंट असलेला माणूस गव्हर्नर व्हायला निघाला आणि प्रतिनिधी झाला. हे मी रचलेलं नाही, मी इतका हुशार नाही.

‘नायब’ला माझा विरोध नाही, नोंद करून ठेवा. नायब तहसीलदार सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि अरबी ‘नाइब’ म्हणजेही बदली माणूस. त्याचंच आदरार्थी बहुवचन पुढे ‘नवाब’ झालं, म्हणजे लखनौचा नवाब हाही एका अर्थी बादशहाचा लोकम. ‘नायब गव्हर्नर’ लिहा, मी टाळ्या वाजवीन. ‘नायब राज्यपाल’ लिहिलंत की अर्धा शब्द बरोबर आणि अर्धा चूक, आणि चूक अर्धा मोठा.

लेफ्टनंटमधला ‘फ’ कुठून आला असंही लोक विचारतात, कारण अमेरिकन मंडळी ‘लूटेनंट’ म्हणतात. (लूटीशी संबंध नाही, तो शब्द आपणच इंग्रजांना दिला.) शाळेत शिकवतात की जुन्या हस्तलिखितातला ‘यू’ कोणीतरी ‘व्ही’ वाचला. कारकुनाच्या एका चुकीने अख्ख्या सैन्याचा उच्चार बदलतो यावर माझा विश्वास नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ल्यूचं ‘ल्यूफ’ असंही रूप सापडतं, ते मला जास्त पटतं.

याच जातीची आणखी एक घाण साफ करून टाकतो. सेक्रेटरी ऑफ स्टेट. वॉशिंग्टनमध्ये बसला तर परराष्ट्रमंत्री, ठीक. पण बहुतेक राज्यांमध्येही त्याच नावाचा अधिकारी असतो आणि त्याचं मुख्य काम निवडणुका घेणं. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांनी ज्यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं ते ब्रॅड राफेन्सपर्गर हे असे, जॉर्जिया राज्याचे. त्यांना मराठीत ‘जॉर्जियाचे परराष्ट्रमंत्री’ केलेलं मी या डोळ्यांनी वाचलं आहे. जॉर्जिया नावाचा एक देशही आहे, त्याच्या खऱ्या परराष्ट्रमंत्र्याला काय वाटलं असेल! ओरेगॉनमध्ये तर लेफ्टनंट गव्हर्नरच नसतो. २०१५ मध्ये गव्हर्नर किट्झाबर यांनी राजीनामा दिला आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट केट ब्राउन थेट गव्हर्नर झाल्या. म्हणजे तिथे ठाणेदार कोण, तर निवडणूक अधिकारी.

मेयरचं विचारलं होतंत, राहिलंच. न्यूयॉर्कला महापौर लिहा, पण एवढं ध्यानात ठेवा की मुंबईत जे आयुक्त करतात त्यातलं बरंचसं तिथे मेयर ममदानींच्या टेबलावर येतं. आपल्या महापौरासारखा सभा चालवणारा मेयर हवा असेल तर डॅलस किंवा फीनिक्सला जा, तिथे कारभार नेमलेला सिटी मॅनेजर पाहतो. आणि शब्द? महापौर सावरकरांच्या नावावर आहे. मेयर आला लॅटिन ‘मायोर’वरून, म्हणजे अधिक मोठा, आणि त्याचा संस्कृतातला जुळा भाऊ ‘महीयस्’. सावरकरांनी इंग्रजी शब्द दाराबाहेर काढला तेव्हा त्याचं ‘महा’ आत शिरूनच बसलं होतं.