यादी लाल झाली म्हणजे आपण आळशी?

"यादी करते, तरी कामं होत नाहीत. माझ्यातच काही खोट आहे का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे हल्ली पुष्कळ. यादी पूर्वी वहीत असायची, आता कॉम्प्युटरवर असते, एवढाच फरक. ही हकीकत अशाच एकीची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डिचोलीहून रोज पणजीला जाणारी, सीएच्या ऑफिसात हिशेब बघणारी चाळिशीची बाई. लॅपटॉप घेऊनच आली. मायक्रोसॉफ्ट टू डू हे कामांच्या यादीचं ॲप उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा मॅडम, सगळं लाल."

मुदत उलटली की हे ॲप तारीख लाल दाखवतं. मी म्हटलं, यातल्या कुठल्या तारखा दुसऱ्या कुणी ठरवलेल्या आहेत, तेवढ्याच सांगा. तिने बोट ठेवून सांगितल्या: टीडीएस म्हणजे कापून घेतलेला कर भरायची ७, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-१ ची, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या विवरणपत्राची ११, जीएसटीच्याच थ्रीबी या विवरणपत्राची २०. यातली एकही तिच्या हातून कधी चुकलेली नव्हती! लाल झालेलं सगळं वेगळंच होतं. माळा आवरणे, चतुर्थीच्या आधी रंगकाम, प्राणायाम. रात्री उत्साहाच्या भरात तिनेच त्यांना तारखा चिकटवल्या होत्या आणि सकाळी त्याच तारखांपुढे गुन्हेगारासारखी उभी राहत होती.

आळशी माणूस थ्रीबी वेळेत भरत नाही, हे मी तिला स्पष्टच सांगितलं.

मग आम्ही तिथेच बसून यादी सोलली. जिथे दंड आहे किंवा कुणी खोळंबलंय, तिथेच ड्यू डेट ठेवायची. ऑफिसच्या तिन्ही तारखांना 'रिपीट' लावून टाकलं, म्हणजे दर महिन्याला नव्याने लिहायला नको. बाकीच्या तारखा काढल्या. ती जरा घाबरलीच, "मग मी करणारच नाही!" मी म्हटलं, तारखा असतानाही कामं होत नव्हतीच की.

आज काय करायचं त्यासाठी या ॲपमध्ये 'माय डे' आहे. सकाळी कामावर राइट-क्लिक करून ते तिथे घ्यायचं. रात्री बारानंतर ते पान कोरं होतं. राहिलेलं काम पुसलं जात नाही, आपल्या मूळ यादीत तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी सूचनांमध्ये पुन्हा समोर येतं. हवं तर घ्या, नको तर सोडा. मला ॲपमधली हीच सोय सगळ्यात माणुसकीची वाटते. पाचाच्या वर कामं घ्यायची नाहीत असं आमचं ठरलं.

एक ओळ मात्र जागची हलत नव्हती. "बाबा – डोळे." एवढंच. कधीपासून आहे, विचारल्यावर ती गप्प झाली. वडिलांना मोतीबिंदू, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवायचं. पण त्याआधी भावाशी बोलायचं होतं. भाऊ बोटीवर नोकरीला, आणि खर्चाचा विषय निघाला की दोघांची जुंपते. म्हणजे अडलं होतं ते डोळ्यांपाशी नव्हतंच, एका फोनपाशी होतं. "बाबा – डोळे" वाचून हाताने नेमकं काय करायचं ते कळत नाही, फक्त छातीत धस्स होतं. ती ओळ उघडून आम्ही 'ॲड स्टेप'मध्ये लिहिलं: बाबांचं दीनदयाळ या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड शोधणे. मग: रविवारी चहा झाल्यावर भावाला व्हॉट्सॲप कॉल. पुढची पायरी मी लिहू दिली नाही.

मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असंच काहीसं दिसलं होतं. अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना मध्येच डोकं वर काढतं. पण ते कधी, कसं करणार याचा नेमका बेत आखला, तर काम व्हायच्या आधीच त्याची टोचणी कमी होते.

हे सगळ्यांनाच पुरेल असं नाही. झोप उडाली, भूक मेली, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, आणि असं दोन आठवडे चाललं, तर ॲप बाजूला ठेवा. बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोनही आहे. तिची तब्येत त्या टोकाला गेलेली नव्हती, हे मी आधीच पाहून घेतलं होतं.

पुढच्या भेटीत ती हसत आली. भावाशी भांडण झालंच. पण ते आटोपून ऑपरेशनचंही बोलणं झालं होतं. आता तिने 'घर' नावाची यादी शेअर करून नवऱ्यालाही त्यात ओढलंय. गॅस बुक करणे आणि वीजबिल त्याने निमूट टिक केलं. माळ्यावरून मात्र अजून वाद चालू आहे.