क्यूएमूमध्ये 'के' दिसतो, लॅपटॉपवर स्क्रीन काळी? आधी यूईएफआय आहे का बघ

अरे तू लिहिलेला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बहुतेक व्यवस्थित चाललाय, फक्त तुला दिसत नाहीये. तू म्हणतोस क्यूएमूमध्ये (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकली कॉम्प्युटरवर) कोपऱ्यात हिरव्यावर पांढरा 'के' येतो आणि ऐरोलीच्या घरच्या लॅपटॉपवर ग्रबमधून (कर्नल लोड करणारा बूटलोडर) तोच कर्नल निवडला की नुसती काळी स्क्रीन, एरर नाही, रीस्टार्ट नाही. म्हणजे मल्टिबूट हेडरमधला (कर्नलच्या सुरुवातीला ग्रबसाठी ठेवलेली माहिती) १बीएडीबी००२ हा ओळखीचा 'मॅजिक' आकडा ग्रबला सापडला, नाहीतर त्याने 'नो मल्टिबूट हेडर फाउंड' म्हणून तिथेच हात वर केले असते. आणि रीस्टार्ट होत नाही म्हणजे ट्रिपल फॉल्टही (प्रोसेसर एररवर एरर येऊन रीसेट होतो तो) नाही.

भानगड बी८००० या मेमरीतल्या पत्त्यावर आहे. त्या पत्त्यावर २एफ४बी लिहिलं की 'के' उमटतो (४बी म्हणजे अक्षर, २ हिरवी पार्श्वभूमी, एफ पांढरा रंग) पण तो व्हीजीए टेक्स्ट मोड (स्क्रीनवर थेट अक्षरं दाखवणारी जुनी पद्धत) चालू असला तरच, आणि क्यूएमू साधारणपणे जुन्या पद्धतीच्या बायोसने चालू होतो म्हणून तिथे तो मिळतो. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असलेल्या लॅपटॉपवर स्क्रीन ग्राफिक्समध्ये असते, तिथे बी८००० वर लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लिनक्स चालू करून सिसच्या आत फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघ, असेल तर निदान पक्कं.

मी यात चार रात्री घातल्यात. लिंकर स्क्रिप्ट (कर्नलचे भाग मेमरीत कुठे बसतील ते ठरवणारी फाइल) दहा वेळा बदलली, शेवटी वैतागून ठाणे स्टेशनजवळून एक सेकंडहँड डेस्कटॉप उचलला आणि मांडीवर धरून रिक्षाने कळव्याला आणला, आई म्हणाली घरात एक आहे की, हा डबा कशाला. डबा चालू केला, पहिल्या फटक्यात 'के'. कोडची एक ओळ न बदलता! आनंद व्हायचा तर डोकंच फिरलं.

तुला डबा घ्यायची गरज नाही. मल्टिबूट हेडरच्या फ्लॅग्जमध्ये २ नंबरचा बिट लाव, म्हणजे ४ मिळव, आणि रुंदी, उंची, डेप्थची फील्ड्स भर. ३२ व्या बाइटला मोडचा प्रकार येतो (ग्राफिक्ससाठी ०), रुंदी ३६ पासून सुरू होते, मधली पत्त्यांची फील्ड्स शून्य ठेवलीस तरी चालेल पण जागा सोडायचीच. चेकसम (हेडर तपासायचा आकडा) नव्याने काढ, मॅजिक अधिक फ्लॅग्ज अधिक चेकसम ३२ बिटांत शून्य यायला हवं, हे सगळेच विसरतात. ग्रबच्या एन्ट्रीत 'इन्समॉड ऑल_व्हिडिओ' टाक. मग ईबीएक्स या रजिस्टरमध्ये ग्रबकडून जो पत्ता येतो तिथून ८८ बाइट पुढे फ्रेमबफरचा (स्क्रीनचे पिक्सेल जिथे असतात त्या मेमरीचा) पत्ता मिळेल, त्यात पिक्सेल भरायचे. अक्षरं मात्र स्वतः काढावी लागतील, फॉन्ट वगैरे नंतर बघ, आधी नुसता एक हिरवा चौकोन येऊ दे.

आणि हो, तुझ्या कोडमध्ये ईएसपी (स्टॅक कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) कुठेच सेट केलेला दिसला नाही. ग्रब स्टॅक देत नाही, जे चालतंय ते नशिबाने. १६ केबी राखून ठेव आणि ईएसपी त्याच्या वरच्या टोकाला लाव, खालच्या नाही, कारण स्टॅक खाली वाढतो. आयडीटी (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं त्याचा तक्ता) तयार होईपर्यंत एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) लिहू नकोस.

स्वतःचा बूट सेक्टर (डिस्कचा पहिला तुकडा, जिथून बूट सुरू होतं) लिहू का म्हणतोस, तर ५१२ बाइटांतले शेवटचे २ सहीचे, पार्टिशन टेबल असेल तर कोडला ४४६च उरतात. हौस म्हणून लिही, पण पेनड्राइव्हवर, आणि डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) मारण्याआधी डिस्कचं नाव दोनदा वाच.