कॅलिफोर्नियात विधेयकावर सही करायला गव्हर्नरला मुदत असते का? ती कोण ठरवतं?

असते, आणि ती राज्यघटनेत असल्यामुळे मतदारांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. मी इथला मतदार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एरवी मुदत १२ दिवसांची. पण इथल्या विधिमंडळाचं सत्र दोन वर्षं चालतं आणि दोन्ही वर्षी शेवटच्या आठवड्यांत विधेयकांचा ढीग पडतो. दुसऱ्या वर्षाच्या ढिगासाठी आधीपासूनच ३० दिवस होते, पहिल्या वर्षी मात्र बाराच. जून १९९० मध्ये ‘प्रपोझिशन १०९’ मतदानाला आलं आणि लोकांनी पहिल्या वर्षीही ३० दिवस दिले.

असा एक आकडा बदलायलाही इथे लोकांचा कौल घ्यावा लागतो. निवडणुकीआधी घरी सरकारी पुस्तिका येते. तिच्या शेवटच्या पानांवर घटनादुरुस्तीचा मसुदाच असतो: वगळायच्या शब्दांवर आडवी रेघ, नवे शब्द तिरप्या ठशात. जेवणाच्या टेबलावर बसून मी ती पानं ओळ न् ओळ वाचतो. (हिंदीतही मिळते, आईवडील इथे असलेल्यांनी जरूर मागवावी.)

मुदतवाढ मला योग्यच वाटते. २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांच्याकडे १,०४६ विधेयकं गेली. सही करणाऱ्याने वाचून करावी, तर तेवढा वेळ हवाच.

पण दिवसांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे, मुदत उलटली आणि गव्हर्नर गप्प राहिले तर विधेयक आपोआप कायदा होतं. नको असेल तर आक्षेप लिहून परत पाठवावं लागतं. भारतात राज्यपालांच्या संमतीबद्दलच्या अनुच्छेद २०० मध्ये दिवसांचा आकडाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या घटनापीठाने सांगितलं की न्यायालय मुदत ठरवू शकत नाही, आणि राज्यपालांनी सही केली नाही तर संमती गृहीतही धरता येणार नाही. कारण न देता फार काळ अडवलं तर मात्र न्यायालयात मर्यादित दाद मागता येते.

‘एसबी ४०३’ आम्हा भारतीयांना जवळचं. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्यात नाव घेऊन मनाई करणारं हे विधेयक. सप्टेंबर २०२३ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झालं, आणि १४ ऑक्टोबरपर्यंत निर्णय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही त्यावरून दोन तट पडले होते. मला ते विधेयक हवं होतं. ७ ऑक्टोबरला व्हेटो आला: आधीच्या कायद्यांत अशी मनाई आहेच, म्हणून हे अनावश्यक. मला ते कारण तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण ते लेखी आहे, गव्हर्नरांच्या सहीनिशी आहे आणि कुणालाही वाचता येतं, त्यामुळे नेमकं काय खोडून काढायचं ते आम्हाला कळतं.

दोन तृतीयांश मतांनी विधिमंडळाला व्हेटो फिरवता येतो, पण चाळीसहून अधिक वर्षांत तसं एकदाही झालेलं नाही. त्यामुळे उरलेला मार्ग एकच, विधेयक पुन्हा आणायचं.