गुहागर गाठायचंय? मग उंब्रजला घड्याळ बघा

वाचकांचे प्रश्न, गॅरेजातून उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते, वय २४. मोटरसायकल यंदाच शिकले, त्याआधी स्कूटी चालवायचे. गाडी १२५ सीसीची, २०२१ची, सेकंडहँड. आजवर सिंहगडाच्या पायथ्यापलीकडे ती नेलेली नाही. डिसेंबरात मला एकटीनं गाडीवरून गुहागरला मावशीकडे जायचंय. आई म्हणते, एसटीनं जा. ऑफिसातली मुलं म्हणतात, १२५वर घाट जमायचा नाही, आणि जायचंच असेल तर रात्री दोनला निघ, रस्ता मोकळा मिळेल. मी जाऊ का? आणि कशी जाऊ? (एक वाचक, धायरी, पुणे)

उत्तर : ताई, जरूर जा. गाडीची काळजी सोडा. कोयनेच्या खोऱ्यातली माणसं याहून लहान गाडीवर दोघं बसून कुंभार्ली घाट उतरतात आणि चिपळूणचा बाजार करून संध्याकाळी घरी येतात. माझं गॅरेज कऱ्हाडला आहे. पुण्याहून कोकणात निघालेली पोरं-पोरी हिवाळाभर माझ्याकडे थांबतात, त्यामुळे या रस्त्यावर कोण कुठे दमतं ते मला रोज दिसतं.

मात्र रात्री दोनला निघायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. उंब्रज, मल्हारपेठ, पाटण या पट्ट्यात रात्रभर ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला आणि मोळ्या हातभर बाहेर आलेल्या. समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपलेले असताना अशी ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायलाही जागा उरलेली नसते. त्यात पहाटे तीन ते पाच ही झोपेची वेळ. सरावलेले ट्रकवालेसुद्धा त्या वेळी गाडी बाजूला घेऊन अंग टाकतात.

आता रस्ता. पुण्याहून शिरवळ, सातारा, उंब्रज. उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, खाली पोफळी, मग चिपळूण आणि गुहागर. अंतर पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर. पहिल्यांदा निघणारा माणूस हा आकडा बघून हिशेब मांडतो, की तासाला साठ धरले तर पाच तास. हा हिशेब चुकीचा आहे. या प्रवासात एकच गोष्ट धरून बसा : घाट दुपारच्या जेवणाच्या आत उतरायचा. बाकी सगळं त्यावरून ठरवायचं.

कारण सांगतो. कुंभार्ली पश्चिमेला उतरतो. दुपार कलली की ऊन थेट समोरून डोळ्यांत येतं. वर झाडी, त्यामुळे रस्त्यावर सावलीचे पट्टे पडतात आणि त्या पट्ट्यांत खड्डा कोणता, सावली कोणती ते कळत नाही. त्याच वेळी तुम्ही भुकेल्या, अंग आंबलेलं, मनगटं अवघडलेली. पुणे-सातारा रस्ता सरळ आहे, तो दमलेल्या माणसाला सांभाळून घेतो. घाट सांभाळून घेत नाही.

म्हणून फटफटलं की, पावणेसातच्या सुमाराला घर सोडा. साडेसहा-पावणेसातला उजाडतं, त्याआधी निघून काही मिळत नाही, नुसती थंडी मिळते. खेड शिवापूर आणि आनेवाडीच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डाव्या कडेच्या लेननं निघायचं. शिरवळला थांबा, भूक नसली तरी. साताऱ्याला नाश्ता करा. साठाच्या आत चालवूनही दहा-साडेदहाला उंब्रजला पोचाल. तिथे फाट्यावर गाडी लावा, हेल्मेट काढा, पाणी प्या आणि घड्याळ बघा. बारा वाजून गेले असतील तर त्या दिवशी घाट नाही. सरळ पुढे कऱ्हाडला यायचं, मुक्काम करायचा, सकाळी निघायचं. हे घरूनच ठरवून निघा आणि मावशीलाही तसं सांगून ठेवा. उंब्रजला उभं राहून ठरवायला गेलात तर मन म्हणणारच की आता थोडंच राहिलंय, आणि पाय आपोआप किकवर जाईल.

कोयनानगरला पुन्हा दहा मिनिटं टेका. सकाळी खोऱ्यात धुकं असतं, अकरापर्यंत बहुतेक विरतं. नसेल विरलं तर चहा घ्या आणि वाट बघा.

घाटाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथली एक वाईट खोड तुम्हाला कुणीतरी शिकवेलच. उतार लागला की आमच्याकडची माणसं पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडतात. दहा-वीस रुपयांचं पेट्रोल वाचतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असणार. सलग दाबून धरला की लायनर तापतो, आणि तापलेला लायनर पकडत नाही. पेडल दाबलं जातं पण गाडी ओढतच राहते. किल्ली चुकून आणखी फिरली तर हँडल लॉक व्हायचा धोका वेगळाच. तेव्हा इंजिन चालू, आणि जो चढ चढायला जो गिअर लागला असता तोच गिअर तो उतार उतरताना. बहुतेक दुसरा, कुठे तिसरा. गिअरमधलं इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. ब्रेक वळणाच्या आधी, थोडा थोडा, आणि वळणात शिरण्यापूर्वी सोडलेला. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. म्हणजे तुमच्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. वळणाच्या कडेला वाळू-खडी साचलेली असते, तिच्यावर हे लक्षात असू द्या.

नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवा. खड्ड्याकडे किंवा कठड्याकडे बघत राहिलात तर हात तिकडेच जातात. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या. समोरून एसटी येताना दिसली तर वळणाच्या बऱ्याच अलीकडे डाव्या बाजूला थांबून घ्या. वळताना तिला पूर्ण रस्ता लागतो, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे.

निघण्याआधी आठवडाभर गाडी तुमच्या मिस्त्रीकडे दाखवा. आदल्या दिवशी नको, कारण काम झाल्यावर चार दिवस गाडी चालवून बघायला हवी. एक गोष्ट स्वतः तपासा. क्लचची लिव्हर दाबा आणि वायर लिव्हरमध्ये अडकते तिथे, शिशाच्या गोळीजवळ, मोबाइलच्या उजेडात बघा. वायर बारीक तारांची वळलेली असते. त्यातली एखादी जरी तुटून केसासारखी बाहेर आली असेल तर वायर बदला. घाटात तुटायची ती नेमकी इथेच तुटते, कारण तिथे क्लच सारखा दाबावा लागतो. एक जादा वायर, एक प्लग आणि प्लगचा पाना सीटखाली असू द्या. वायर बसवता येत नसेल तरी चालेल. वायर तुमच्याजवळ असली तर बसवणारा रस्त्यावर कुणीही भेटतो. टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा रुतला तर तो उपटू नका, तसंच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा.

चेन किती सैल असावी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते मिस्त्रीला दाखवा, कारण बरेच जण गरजेपेक्षा ताणून ठेवतात.

सामान पाठीवर घेऊ नका, साताऱ्यापर्यंत खांदे भरून येतील. मागच्या सीटवर बांधा आणि दोरीचं एकही टोक लोंबतं ठेवू नका. ओढणी तर अजिबात नको. चाकात किंवा चेनमध्ये ओढणी जाऊन झालेले अपघात मी बघितलेत, त्याबद्दल इथे लिहवत नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं, काच पांढरी.

आता आई. तिची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. शिरवळ, उंब्रज, कोयनानगर, चिपळूण अशी फोनची ठिकाणं तिला कागदावर लिहून द्या. घाटात रेंज जाते, त्यामुळे कोयनानगरनंतर तास-दीड तास फोन लागणार नाही, हेही आधीच सांगा. मोबाइलवरचा तुमचा ठिपका घाटात एका जागी थांबलेला दिसला तर घरी काय अवस्था होईल याचा विचार करा. १०८ ही राज्याची रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्गाची मदत आणि ११२ हे तीन आकडे त्याच कागदावर असू द्यात.

परत येताना घाट चढायचा आहे, तो उतरण्यापेक्षा सोपा. फक्त गुहागरहून पहाटे निघू नका. सकाळचं ऊन पूर्वेकडून समोर येतं, मावशीकडे नाश्ता करून नऊला निघालात तरी दिवस पुरतो.

प्रश्न : लांबच्या प्रवासात इंजिन थंड करायला दर तासाला गाडी थांबवावी असं वडील सांगतात. खरं आहे का? (एक वाचक, विटा)

उत्तर : जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळातली ती सवय आहे आणि त्या काळात ती बरोबर होती. आजचं चांगल्या स्थितीतलं फोर-स्ट्रोक इंजिन पन्नास-साठच्या वेगानं दिवसभर चाललं तरी त्याला विश्रांती लागत नाही, वारा त्याला थंड ठेवतो. ते तापतं ते घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये रखडताना किंवा ऑइल कमी असताना. पण वडिलांचं ऐकाच, तासाला थांबा. चालवणाऱ्याचं लक्ष तासाभरात सैल पडतं, ते चार पावलं चालल्यावर परत येतं. आणि तेवढ्या वेळात ऑइल बघून घ्या : गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, इंजिन बंद करून तीन-चार मिनिटांनी. लगेच बघितलंत तर ऑइल वरच असतं आणि पातळी कमी दिसते.