ॲक्सल घेण्याआधी टेप हातात घ्या

प्रश्न : छोट्या ट्रेलरचा ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) वाकला आहे. दुकानदार फक्त 'लांबी किती?' एवढंच विचारतो. नेमकं कुठून कुठपर्यंत मोजायचं?

नुसत्या लांबीवर ॲक्सल मागवाल तर फसाल. मापं दोन लागतात. पहिलं, एका हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या) तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंत. तोंड म्हणजे चाकाची डिस्क जिथे टेकते ती सपाट बाजू. स्टडचं (चाक आवळायच्या बोल्टचं) टोक नाही, ग्रीसची टोपीही नाही. दुसरं, डाव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्यापासून उजव्या पाट्याच्या मध्यापर्यंत. वाकलेल्या ॲक्सलने पाटेही ओढले जातात, म्हणून हे दुसरं माप ॲक्सलवर न घेता चेसिसला वेल्ड केलेल्या पुढच्या हँगरपाशी, म्हणजे पाट्याचं टोक अडकवायच्या ब्रॅकेटपाशी घ्या. पहिलं मापही वाकल्यामुळे थोडं कमीच भरेल. टायर आणि चेसिस यांच्यात दोन्हीकडे किती जागा हवी ते बघून ते पडताळा.

ॲक्सलच्या नळीचा व्यासही लिहून ठेवा आणि ॲक्सल पाट्याच्या वर आहे की खाली, तेही. खालचा वर गेला किंवा वरचा खाली आला, की ट्रेलरची उंची बदलते. ॲक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच. एकदा ताण घेतलेले पुन्हा आवळू नयेत.

प्रश्न : नवा ॲक्सल मध्यभागी किंचित वर उचललेला दिसतो. वाकडा आला का?

नाही. बरेच ॲक्सल मुद्दाम तसे करतात. माल भरला की तो सरळ होत जातो आणि टायर सपाट टेकतात. कमान वरच्या बाजूलाच ठेवा. उलटा बसवलात तर टायर आतल्या कडेने झिजतील.

प्रश्न : ३,५०० पाउंडांचा (सुमारे १,५९० किलो) ॲक्सल टाकला तर तेवढा माल नेता येईल ना?

तो आकडा ॲक्सलचा, मालाचा नव्हे. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही मोजलं जातं. शिवाय पाटे, टायर, डिस्क, कपलर (गाडीला जोडायचा सांधा), चेसिस यांतलं जे सर्वात कमजोर, तीच खरी मर्यादा. हलक्या ट्रेलरला उगाच दणकट ॲक्सल आणि जाड पाटे लावले, तर रिकामा ट्रेलर रस्त्यावर उड्या मारतो.

प्रश्न : पाटे काढून रबराचा टॉर्शन ॲक्सल लावू का?

नव्या ट्रेलरवर जरूर. चौकोनी नळीत रबराच्या दांड्या असतात, चाक धरणारा हात (आर्म) फिरला की त्या दबतात आणि धक्का गिळतात. शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीचे) बुश नाहीत, खडखडाट नाही. पण पाट्यांचा भार चेसिसवर दोन ठिकाणी वाटला जातो, इथे तो ब्रॅकेटपाशी एकवटतो. जुन्या, गंजलेल्या चेसिसवर मी तो लावणार नाही. पाटा तुटला तर एकटा पाटा बदलतो; रबर गेलं की बहुधा आख्खा ॲक्सलच.

प्रश्न : एकाच बाजूचं बेअरिंग जळालं. ॲक्सल बदलायलाच हवा का?

हब काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि बेअरिंग बसतं ती जागा नखाने चाचपा. नख अडेल अशी खाच असेल, धातू निळा पडला असेल किंवा नवं बेअरिंग तिथे डुगडुगत असेल, तर स्पिंडल (ॲक्सलचं बेअरिंग बसतं ते टोक) गेलं. स्पिंडल कापून नवं वेल्ड करणारे भेटतील. पण जिगशिवाय (सरळ धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय) ते सरळ बसत नाही, मग ट्रेलर एका अंगाला ओढतो. अशा वेळी ॲक्सलच बदला. स्पिंडल गुळगुळीत असेल तर बेअरिंग, त्याचा बाहेरचा कप आणि ऑइल सील एवढ्यावर भागेल. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, उदाहरणार्थ एल४४६४९, तोच मागा.

प्रश्न : चाकं जुनीच वापरायची आहेत. पाच स्टडच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ कसं मोजू?

समोरासमोर स्टड येत नाहीत, म्हणून गोंधळ होतो. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. ६७.२ मि.मी. भरलं तर वर्तुळाचा व्यास ११४.३ मि.मी. डिस्कच्या मधल्या भोकाचा व्यासही पाहा. हब त्यात शिरला नाही तर स्टड जुळूनही चाक बसणार नाही.