परसातल्या बदकांच्या तळ्याचं पाणी सारखं हिरवं होतं आणि वास मारतं. फिल्टर बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की सहा बदकं आहेत, आठ बाय सहा फुटांचं दीड फूट खोल सिमेंटचं तळं आहे, आणि बादल्यांनी उपसून आठवडा होत नाही तोच पाणी पुन्हा हिरवं होतं. मी कुडाळजवळ राहते, आमच्या परसातही बदकं आहेत. फिल्टरचं आधी सांगते: माशांच्या टाकीचा फिल्टर घेऊ नका. शीट, पिसं आणि चिखल यांनी तो लगेच तुंबतो आणि तळ्याऐवजी फिल्टरच धूत बसावं लागतं.

तुमच्या तळ्यात साधारण दोन हजार लिटर पाणी मावतं. सहा बदकं दिवसभर त्यातच शिटणार. त्या शिटेत नत्र आणि स्फुरद भरपूर असतं, त्यावर ऊन पडलं की शेवाळ येणारच. केरळात कुट्टनाडला कापणी झालेल्या भातखाचरांत बदकांचे मोठमोठे कळप चारतात. तिथे हीच घाण पसरून खत होते, कारण जागा ऐसपैस असते. आपल्याकडे तेवढी जागा नाही, म्हणून पाणी नितळ ठेवायचा हट्ट सोडा आणि ते बदलणं सोपं करून घ्या. माझ्या मते सगळं तळ्याच्या मोरीवर अवलंबून आहे.

तळाचा एक कोपरा सगळ्यात खोल हवा आणि तिथून तीन इंची पीव्हीसी पाइप बाहेर काढलेला हवा. बारीक पाइप पिसांनी चोंदतो. बाहेरच्या टोकाला रबर रिंगचा एल्बो (काटकोनी जोड) घ्या, त्याला सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, लावू नका, आणि त्यात पाइपचा एक उभा तुकडा बसवा. तळ्यात पाणी जेवढं हवं तेवढीच त्या तुकड्याची उंची ठेवायची. पाणी बदलायचं असेल तेव्हा तुकडा आडवा करायचा. तळातला काळा गाळ आधी धो धो बाहेर पडतो, पाणी मागून येतं. पावसात हाच उभा पाइप जादा पाणी सोडतो, आणि तेही वरचं नाही, तळातलं घाणेरडं. एवढं केलंत की बादल्या सुटतात. तळ रिकामा झाला की खराट्याने घासायचा, नवं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, थंडीत थोडं उशिरा चालतं.

निघालेलं पाणी नारळाच्या आळ्यात, केळीला, कर्दळीला सोडा. कोकणात न्हाणीचं पाणी पूर्वीपासून असंच जिरवतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. विहिरीच्या बाजूला ते वळवू नका, जांभ्यातून पाणी फार सहज झिरपतं. आणि कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही त्यावर पिकवू नका.

दुसरं, खाणं तळ्यापासून लांब ठेवा. बदकाला कोरडं गिळता येत नाही. कोंड्याचा घास घेतला की ते तडक पाण्याकडे धावतं आणि चोच खळखळून धुतं. पाण्यावर पिठाचा पांढरट तवंग पसरतो आणि मागाहून तोच कुजतो. म्हणून खाण्याच्या शेजारी सहा इंच खोल पसरट घमेलं भरून ठेवा. चोच तिथेच धुतली जाते. उरलेला भात तळ्यात टाकायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा.

काठाला माती उघडी ठेवू नका. बदकं ओल्या मातीत चोच खुपसून ती अक्षरशः नांगरतात आणि तोच चिखल तळ्यात नेतात. जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा आणि त्याबाहेर दोन-तीन हात खडी पुरते. रात्री बदकं खुराड्यात कोंडा. मुंगूस, कोल्हा, रानमांजर यांच्यासाठी ते हवंच, शिवाय रात्रीची घाण पाण्यात जात नाही. अंडी बहुतेक पहाटे पडतात, त्यामुळे नऊनंतर सोडलीत तर ती तळ्यात सापडणार नाहीत.

पावसाळ्यात तळं आपणच धुतलं जातं, फक्त अंगणातलं गढूळ पाणी आत शिरू नये एवढा काठ उंच हवा. तेव्हा काळजी घ्यायची ती खाद्याची. दमट हवेत मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी येते. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधतं, पिल्लं तर पटापट दगावतात. कुबट वास आला तर ते खाद्य सरळ पुरून टाका, वाळवून पुन्हा घालू नका. जून ते सप्टेंबर थोडं थोडंच आणा.

थंडी सरताना फणसाचा, आंब्याचा पाला पडतो, तो रोज जाळीने काढला की झालं.

खरी कसोटी एप्रिल-मेची. विहीर आटते, तळं कोमट होतं आणि पाणी बदलणं लांबतं. कुजक्या गाळाच्या अशा पाण्यात बोट्युलिझमचं, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या जिवाणूंचं, विष तयार होऊ शकतं. बदकाचे आधी पाय लुळे पडतात, मग मान टाकतं. असं दिसलं तर सगळी बदकं त्या पाण्यावरून हलवा, ताजं पाणी ठेवा आणि पशुवैद्यकांना बोलवा. मेलेलं काहीही पाण्याजवळ राहू देऊ नका, त्यातल्या अळ्या खाऊनही हे विष पोटात जातं. पाणी पुरत नसेल तर मे महिन्यात तळं बंद ठेवलं तरी चालतं. बदकांना पोहायला आवडतं, पण त्यांची खरी गरज डोळे आणि नाकपुड्या धुवायला डोकं बुडेल एवढ्या पाण्याची असते. दोन मोठी घमेली रोज भरा. तळं चालू ठेवणार असाल तर वर झापांचा मांडव घाला. सावलीत शेवाळ बरंच कमी धरतं.

मोरचूद, ब्लीचिंग पावडर, साबण यांतलं काहीही बदकं असताना पाण्यात घालू नका. साबणाने पिसांवरचं तेल जातं आणि बदक भिजून गारठतं. जलपर्णीही नको, ती आवरत नाही. अझोला (पाण्यावर तरंगणारी चाऱ्याची बारीक वनस्पती) लावायचा असेल तर वेगळ्या वाफ्यात वाढवा आणि मूठमूठ घाला, तळ्यात टाकलात तर ती एका दिवसात फस्त करतील.

तुमचं तळं जमिनीत खोल गेलेलं असेल आणि पाइपला उतार मिळत नसेल, तर फोडाफोडी करू नका. गाळ ओढणारा छोटा मड पंप घ्या, तो सगळ्यात खोल कोपऱ्यात ठेवा आणि त्याचा होज पाइप थेट माडांच्या आळ्यात सोडा. पंप चालू करण्याआधी बदकं बाहेर काढा.